आप्पासोच्या दुकानातली भुकंची बाटली

...आवं पन मी म्हनतो, मिरज काय लांब हाय व्हय? एस्टीत बसलं की मिरज, आन् तिथं गल्लीगल्लीत डॉक्टर! पन न्हाई, आमच्या भावकीतला नाथाजी उठला आन् गेला आप्पासोच्या औषधाच्या दुकानात! आता नाथाजी म्हंजे ऊसवाल्या घरातला एकुलता एक, पन अंगानं निस्तं चिपाड. दोन ठिकानचे पावने घर बघून, च्या पिऊन गेले ते गेलेच. आता यायचे हुते लोणंदचे सुभेदार मानसिंगराव, पलटनीतनं पेन्शनीत आलेले, त्यांच्या लेकीसाठी, लीलाबाईसाठी. आन् आप्पासोच्या दुकानात कंपनीच्या मानसानं ह्ये एवढं चित्र टांगलेलं... एका बाजूला बरगड्या दिसनारा बाप्या, दुसऱ्या बाजूला त्योच बाप्या गुबगुबीत, आन् मधी भुकंच्या औषधाची बाटली! नाथाजीनं डॉक्टरचं नाव काढलं, तर आप्पासो गोडीत म्हनतोय, "डॉक्टर हीच लिवून देनार. मग मधी डॉक्टर कशाला?"

झालं! बाटलीवर लिवलंय चमचा, नाथाजी घेतोय पेल्यानं, का, तर पावने तोंडावर आलेले! भूक तरी कसली लागावी... त्याची आई बनुबाई भाकरी थापून थापून दमली. पन भुकंसंगं झोप! उसाला पानी लावलं आन् गडी बांधावरच आडवा, पानी गेलं शेजारच्याच्या रानात! सांगायला गेला, तर आप्पासो म्हनला झोप येती म्हंजे औषध अंगी लागलं, आन् दुसरी बाटली हातात! मिरज काय लांब हाय व्हय? पन न्हाई!

आले पावने. सुभेदारांनी ऊस कसा हाय एवढंच इचारलं, आन् नाथाजीची मान गेली की वो त्यांच्या खांद्यावर! घोराय लागला! बनुबाईनं कपाळाला हात लावला, ह्येबी स्थळ गेलं... पन सुभेदार हललेच न्हाईत. खांदा तसाच धरून बसले. लय येळानं हळूच बनुबाईला म्हनले, "अशी झोप मला लढाईपास्नं न्हाई. ह्येला कशानं येती?"

बनुबाईनं खरं ते सांगितलं. घर खरं बोलनारं हाय म्हनले, सोयरीक पक्की! आन् निघाले कुठं, तर आप्पासोच्या दुकानात! म्या मधी पडलो, म्हनलं आवं, लोणंदास्नं मिरजंला थेट रेल्वे हाय, डॉक्टरला दावा की. तर म्हनले, "सुभेदाराला झोप लागत न्हाई, ह्ये डॉक्टरला कसं सांगू? दुकानात कोन इचारत न्हाई."

आन् घेतलीच की वो बाटली! नाथाजीची बाटली बनुबाईनं परसात वतली, नवरदेव लग्नात टक्क जागा! पन सासरा... भटजी हाका मारतोय, वधूपिता कुठं, वधूपिता कुठं, आन् वधूपिता खुर्चीत गाढ! म्या हालवाय गेलो, तर लीलाबाईनं हात धरला. "राहू द्या," म्हनली. "लय वर्सांनी झोपल्यात."

मग काय... कन्यादान मामानं केलं.