बेचाळीस वजा पंचवीस

(शाळेचं मैदान, भर दुपार. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून धूर येतो आहे. दुसरीच्या वर्गाच्या बाई, शिपाई मावशी आणि वर्गातली ठमी.)

बाई: हात सोडा मावशी. माझी सहा पोरं वर आहेत.

मावशी: जिना दिसतोय का तुम्हाला? बंबवाले निघालेत, तेवढं थांबा.

बाई: तोवर गुदमरतील ती.

मावशी: मी वर्गात डोकावून आले ना. कोणी नव्हतं.

बाई: बाकांखाली पाहिलंत? घाबरली की तिथेच शिरतात.

मावशी: ...वाकून नाही पाहिलं.

बाई: आज बेचाळीस हजर होती. इथे पंचवीस आहेत. मागच्या जिन्याने उतरलेली बाकीची, मागच्या फाटकाशी, तेवीस हवीत. तुम्ही किती मोजलीत?

मावशी: सतरा. दोनदा, बोट लावून. माळीदादांच्या ताब्यात देऊन आलेय.

बाई: मग सहा कुठे गेली? सोडा मला.

ठमी: बाई, तेवीस नाही येत.

मावशी: गप गं बाळा. ही वेळ आहे का गणिताची?

ठमी: पण दोनातून पाच जात नाहीत. बाईंनी उलटं केलं. पाचातून दोन.

बाई: काय म्हणालीस?

ठमी: काही नाही.

मावशी: बोल गं. रडू नको. सांग बाईंना.

ठमी: बेचाळीसमध्ये दोनच सुटे. म्हणून एक दशक सोडवायचं. मग बारा सुटे. बारातून पाच गेले, सात. दशक उरले तीन. तिनातून दोन गेले, एक.

बाई: किती झाले?

ठमी: सतरा.

बाई: परत सांग. सावकाश.

ठमी: सतराच येतात बाई.

मावशी: अहो, असं मातीत काय बसताय? पाणी आणू?

बाई: पाणी नको. तिकडची सगळी इकडे आणा. एकेकाला हात लावल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही.

मावशी: आणते. पण जिन्याकडे पाऊल टाकायचं नाही. शपथ आहे माझी.

बाई: नाही टाकत.

मावशी: ...घ्या, आणली. मोजा आता.

बाई: एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. मावशी, एक कमी आहे. एक कमी आहे हो.

मावशी: तुमचा पदर धरून मागे कोण उभंय?

बाई: ठमे. ये, पुढे ये. बेचाळीस.

मावशी: झालं. आता श्वास घ्या जरा. बंबही आला बघा फाटकातून.

बाई: ठमे, सकाळी फळ्यावर असंच गणित तुझं चुकलं होतं ना?

ठमी: हो. तुम्ही ओरडलात.

बाई: मग आत्ता कसं आलं?

ठमी: सकाळीपण येत होतं. तुम्ही जवळ येऊन उभ्या राहिलात की जातं.