पाणघोड्याला विचारलेले एकोणीस प्रश्न

— मग विश्वास कुणावर ठेवायचा, बाई? तुम्हीच सांगा. गोड बोलतो त्याच्यावर, की तोंडावर नाही म्हणतो त्याच्यावर? थांबा, उत्तराची घाई नको. आधी नीट बसा. ते स्टूल डुगडुगतं, हे घ्या. अजून पाऊण तास आहे आपल्याकडे. पाच वाजता सगळे इथेच जमणार — छत्रीवाला, चष्मेवाला, फोटोवाला, बेकरीवाल्या मावशी आणि समोरचे टेलरमास्तर. पाच ते आणि सहावा मी. त्या पाणघोड्यात कुणी किती घातले, कधी घातले, किती बुडाले, याचा एक स्वच्छ कागद तुम्ही करायचा. ज्याचं कमी बुडालं त्यानं ज्याचं जास्त बुडालं त्याला थोडा हात द्यायचा, असं ओळीतल्या दुकानदारांनी ठरवलंय. तुम्ही पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं काढलीत, शिवाय आमच्यापैकी कुणाच्या नात्यातल्या नाही — म्हणून तुमचं नाव निघालं. मीच काढलं. चौघांचं लिहून झालं ना? मास्तरांचं ते आल्यावर, माझं शेवटी घेऊ. माझं काय, दोन मिनिटांचं काम आहे.

पाणघोडा म्हणजे? अहो, नाणं! म्हणजे नाणं नाहीच — हातात येत नाही, खिशात वाजत नाही, फोनवर दिसतं फक्त. क्रिप्टो म्हणतात ना, त्यातलं. मोठी नाणी पेपरात येतात, ती सोडा. हे बारकं. अशी हजारो बारकी नाणी आहेत म्हणे. आज निघतात, उद्या त्यांचं नाव विचारलंत तर काढणारासुद्धा कपाळाला आठ्या घालतो. ह्याच्यावर चष्मा लावलेल्या पाणघोड्याचं चित्र होतं. हसू नका — म्हणजे हसा, मीही हसलो होतो. माझ्या साडूनं आणलं ते. साडू म्हणजे तुम्हाला सांगायला नको, दोन बहिणींच्या कृपेनं गळ्यात पडलेलं नातं. आला, खुर्ची ओढली, म्हणाला, "भाऊजी, आयुष्यभर बिजागऱ्याच विकणार का?" मी म्हटलं, लोक आयुष्यभर दारंच उघडणार असतील तर हो. तर म्हणाला, "ह्याचा भाव महिन्यात दहापट होणार." मी म्हटलं, होऊ दे, पण चौकशी केल्याशिवाय मी टाचणी घेत नाही.

आणि ते खरं आहे, बाई. शाळा मी सातवीत सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण माल ओळखायला मी स्वतः शिकलो, आणि फी भरून शिकलो. हे दुकान टाकलं त्या वर्षी एक घाऊक व्यापारी आला — काय बोलणं, नुसती साखरपेरणी — आणि पाचशे पितळी कुलपं अर्ध्या भावात देऊन गेला. देखणी, जड, दाबलं की खट्ट आवाज. आठ दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं, म्हणे, शेठ, माझी किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लागते. मी म्हटलं, योगायोग. दुसरं आलं, तिसरं आलं. मग मी दुकान बंद ठेवून एकेक कुलूप तपासलं — पाचशेच्या पाचशे कुलपांना एकच किल्ली! अर्धी वस्ती मी एका किल्लीत बांधून ठेवली होती! एकेकाच्या दारात जाऊन बदलून दिली सगळी. वर्षभर नफ्याचं तोंड पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून या ओळीत माझा शब्द चालायला लागला. शेठनं हात लावला म्हणजे माल तपासलेला. छत्रीवाला त्याच्या छत्र्यांच्या काड्यासुद्धा मला दाखवून घेतो. मला छत्रीतलं काय कळतं? पण मी दोनदा भाव विचारला की त्याला बरं वाटतं. मला घ्यायचा नसतो त्या मालाची मी घासाघीस करत नाही, हे सगळ्यांना पाठ झालंय. मी कुणाशी तासभर हुज्जत घातली की शेजारचे दोघे तोच माल मागवतात. ही आमची इथली रीतच झाली म्हणा ना.

तर मी प्रश्न काढले. एकोणीस. पहिला साधा — बनवतं कोण? त्यांच्या वेबसाइटवर चार फोटो होते, खाली मोठमोठे हुद्दे. बघता बघता मला वाटलं, ह्या तिसऱ्याला मी ओळखतो. कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय — दोन दिवस डोक्यात भुंगा. शेवटी केस कापायला गेलो आणि समोर भिंतीवर! न्हाव्याच्या त्या पोस्टरवर नसतात का केसांचे नमुने — त्यातला सातव्या नंबरचा! न्हाव्याला म्हटलं, हा माणूस तंत्रज्ञान प्रमुख आहे. तो म्हणाला, "शेठ, हा कट आता कुणी मागत नाही."

दुसरा प्रश्न, हे नाणं करणार काय? त्यावर त्यांचं चाळीस पानी निवेदन. वाचलं मी! साडूला समोर बसवून, ओळ न ओळ. जगातले सगळे पाणवठे जोडणार म्हणे. बरं बाबा, जोडा. पण तेविसाव्या पानावर पाणघोड्याच्या जागी दुसऱ्याच कुठल्या नाण्याचं नाव — कुणाचं तरी निवेदन उचललं आणि एका ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं. साडू म्हणाला, छपाईची चूक. मी म्हटलं, फोनवर छपाई?

तिसरा — नाणी आहेत किती आणि आहेत कुणाकडे? ह्या धंद्यात एक गोष्ट मला आवडली, सगळ्यांच्या थैल्या उघड्यावर असतात. मालकाचं नाव दिसत नाही, पण कुठल्या थैलीत किती ते कुणालाही बघता येतं. नुसता नंबर टाकायचा. बघितलं. शंभरातली बासष्ट नाणी तीन थैल्यांत. आता गावातल्या शंभर बिजागऱ्यांपैकी बासष्ट तिघांच्या गोदामात असल्या, तर भाव मी ठरवणार का? ते म्हणाले, आमच्या वाट्याला कुलूप आहे, सहा महिने आम्हाला विकता येत नाही. कुलूप म्हटल्यावर मी सरसावून बसलो! म्हटलं, किल्ली कुणाकडे, आणि दुसरी किल्ली कुणाकडे? लावलं कधी? मोजलं, तर सहा महिने संपायला पंचवीस दिवस राहिलेले. त्यांच्या फोनवरच्या गटावर हे सगळं विचारलं मी. उत्तर काय? रॉकेटचं चित्र. रोजची विक्री किती? रॉकेट. तक्रार कुणाकडे करायची? दोन रॉकेटं आणि एक नाचणारा पाणघोडा.

म्हणजे विचारून झालेल्या अठरापैकी सतरांची उत्तरं वाईट आणि अठरावा प्रश्न त्यांना कळलाच नाही. इथे विषय संपायला हवा होता. हो ना? तुमची मान बरोबर हलतेय, बाई. मीही साडूला तेच सांगितलं — कचरा आहे. पण साडूला हळू सांगितलं आणि प्रश्न मात्र मोठ्यानं विचारले होते. तीन आठवडे मी हा असा दुकानाच्या पायरीवर बसून, फोन तोंडासमोर धरून, अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असा बोलत होतो — किल्ली कुणाकडे? माल किती? भाव का वाढला? मला वाटत होतं, मी चौकशी करतोय. ओळीला दिसत होतं, शेठ घासाघीस करतायत.

आणि शेठ घासाघीस करतायत म्हटल्यावर! छत्रीवाल्यानं घेतलं. मग चष्मेवाल्यानं. फोटोवाल्यानं, बेकरीवाल्या मावशींनी. कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि मला तर मुळीच नाही — का, तर शेठला कळलं तर शेठ भाव पाडून मागतील आणि माल आटेल. मला काय कल्पना! मी आपला रोज बघतोय, तर पाणघोडा वर. आज वर, उद्या आणखी वर. तिकडे गटावर त्यांनी माझेच प्रश्न चौकट करून लावले — "मोठे कुलूप व्यापारी आमच्याशी बोलणी करत आहेत." आणखी वर! मी चक्रावलो. सतरा उत्तरं वाईट आणि भाव चढतोय? मग मला वाटलं, माल वाईट नाही, माझे प्रश्न जुने झाले. माझ्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून, बाई, मी म्हटलं, अरे वा, कुणीतरी जाणकार बोलतंय! आणि मी घेतलं. थोडं. नमुन्यापुरतं.

नमुना म्हणजे... बरीच होती तशी. असो.

एकोणिसावा प्रश्न राहिला होता — विकता येतं का? हा मला सगळ्यात महत्त्वाचा. बंद होणारं कुलूप कुणीही बनवतं. मी उघडणारं बघतो. ह्या बारक्या नाण्यांत अशीही असतात की घेता येतात, विकता येत नाहीत. घुसायला दार आणि बाहेर पडायला भिंत. म्हणून एका मंगळवारी, पावणेबारा वाजता, मी माझी सगळी विकायला लावली. चार हजार तीनशे बारा नाणी. दुप्पट भावाला. म्हटलं, कोण घेतंय! तर दहा मिनिटांत गेली. सगळी. पैसे माझ्या खात्यात. मी कागदावर एकोणिसाव्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली.

बारा वाजता टेलरमास्तर रस्ता ओलांडून आले. चेहरा असा उजळलेला. काजं करायचं मशीन घ्यायचं म्हणून माणूस तीन वर्षं पैसे बाजूला टाकत होता. हातानं काजं करून करून अंगठा वाकलाय त्यांचा, बघितलाय तुम्ही? म्हणाले, "शेठ, तुमच्या मागोमाग मीपण घेतलं हो आज." मी म्हटलं, किती? म्हणाले, "चार हजार तीनशे बारा." मी म्हटलं, असा तुटक आकडा? तर म्हणाले, "कुणाचे तरी तेवढेच विकायला होते."

सकाळपासून त्या बाजारात एकच व्यवहार झाला होता, बाई. यादीत एकच ओळ. विकणारा मी.

काय बोललो? मी म्हटलं, "अभिनंदन."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं. पण ऐका ना — मी काही खोटं बोललो होतो का? मी कुणाला घ्या म्हटलं का? मास्तरांनी मला विचारलं असतं तर मी... विचारलं होतं. विचारलं होतं त्यांनी, आदल्या रविवारी. "शेठ, घ्यावं का?" सरळ विचारलं. आणि माझ्याकडे सतरा वाईट उत्तरं लिहिलेली, कागद खिशात. मी म्हणालो, "चौकशी चालू आहे." आमच्या ओळीत ह्याचा अर्थ काय होतो, हे ह्या ओळीत माझ्याइतकं कुणाला माहीत? पण कचरा म्हटलं असतं तर माझा भाव पडला असता. तेव्हा माझ्याकडे नाणी होती.

पुढचं तुमच्यासमोर आहेच. चार दिवसांनी कुलूप उघडलं, तिन्ही थैल्या रिकाम्या झाल्या, भाव असा आपटला की मास्तरांच्या मशीनच्या पैशात आज दोऱ्याचं रीळ येत नाही. गटही गेला, रॉकेटही गेलं.

मी गप्प बसलो नाही हं! मास्तरांच्या दाराला नवं कुलूप, नव्या बिजागऱ्या, सगळं फुकट बसवून दिलं. म्हटलं, हळूहळू अशी फेड करून टाकू, कुणाला कळायचं नाही. तर त्या माणसानं काय करावं? म्हणाले, "शेठ, तुमचंही बुडालं आणि तरी तुम्ही माझ्या दाराचं बघताय." आणि मला शर्ट शिवून दिला. हाच. काजं बघा — हातानं केलेली आहेत. कॉलर कशी बसलीय, आणि आठ दिवस झाले, मला गळ्याशी घट्ट वाटतेय. घट्ट नाही ती. माप त्यांनी दोनदा घेतलं होतं.

साडू म्हणतो, तुम्हीही मास्तरांइतकेच बुडालात असं सांगा, प्रश्न मिटला, वर कुणाला द्यायलाही नको. खरं सांगू? तुम्हाला पाऊण तास आधी बोलावलं ते त्यासाठीच. तोच आकडा सांगणार होतो. तुम्ही वहीवरून डोकं वर काढून नुसतं बघत राहिलात आणि मी हे सगळं... पोस्टात माणसं तुमच्या खिडकीशी अशीच बोलत असतील, नाही?

ते शटर वाजलं मास्तरांचं. निघाले वाटतं. हो, येतायत. कागद झाकू नका, राहू दे. माझ्या नावापुढे बुडाल्याच्या रकान्यात रेघ मारा. पलीकडे नफ्याचा रकाना आखा — नाहीये ना? आखा, माझ्या एकट्यासाठी आखा. मास्तरांच्या नावापुढे, कुणाकडून घेतली, तिथे माझं नाव. मंगळवार, पावणेबारा. आणि मी आता काहीतरी गमतीचं बोलायला लागेन. माझा स्वभाव आहे तो, न्हाव्याचा किस्सा सांगेन, साडूची नक्कल करेन, म्हणेन, बाई, ही ओळ उद्या बघू. हसायचं तर हसा, पण हात थांबवू नका. माझं ऐकू नका, बाई — हिशेब खरा लिहा.