नकाशातलं अल खोर

जावयाला हसू नये म्हणतात, पण ऐकाच. मी आखातात लेकीकडे राहायला गेले होते, तिथं वर्ल्डकपची धांदल होती. आमचे इंजिनियर जावईबापू लॅपटॉपवर कामगारांच्या बसथांब्यांचा नकाशा करत होते. तासाभरात तो साहेबाला पाठवायचा होता.

मी म्हटलं, "आपलं गाव दाखवा की, अल खोर."

त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मग समुद्र कुठाय? मी रोज संध्याकाळी काय वाळवंटात फिरते?"

पाहतात तर अल खोरचा ठिपका समुद्रापासून दूर, अबू हमूरला! त्यांनी घाईनं ठिकाणांची यादी उघडली.

"आई, यादीतली नावं एबीसीडीप्रमाणे लावली, पण शेजारच्या रकान्यातले जागांचे आकडे, अक्षांश-रेखांश, होते तिथंच राहिले."

"म्हणजे नवरदेव उंचीप्रमाणे उभे केलेत आणि नवऱ्या होत्या तिथंच ठेवल्यात! तरीच म्हटलं, माझ्या लेकीच्या वाट्याला तुम्ही कसे आलात!"