पंख्याखाली लावलेला कौल

— नाही, समजलं मला. सकाळी एकदा सांगितलंत तेव्हाच समजलं, डॉक्टर. मी काही अडाणी नाही, दहावी झालेय. तुम्ही बसा ना, उभ्या कशाला — ती पिशवी सरकवा खाली, नुसती चादर आहे त्यात. बसा. आता मी सांगते, तुम्ही ऐका, चुकलं तर टोका. माझे मिस्टर आत आहेत. बायपास झाली, हृदयाचं काम नीट झालं म्हणता, पण फुप्फुसं साथ देत नाहीत, म्हणून तोंडातून नळी घालून श्वासाचं मशीन लावलंय, आणि ती नळी सोसावी म्हणून झोपेचं औषध चालू आहे. बरोबर? आणि मशीन इतक्यात सुटेल असं दिसत नाही. मग दोन रस्ते. एक, आताच गळ्याला इथे — ह्या खळग्यातच ना — भोक पाडायचं आणि नळी तिथून घालायची, म्हणजे तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी करता येतं, माणूस जागा होतो. दुसरा, थांबायचं. तोंडातलीच नळी ठेवायची आणखी काही दिवस, कदाचित तोवर मशीन सुटेलही आणि भोकाची गरजच पडणार नाही. ह्यातलं कुठलं बरं ते तुम्हाला शोधून काढायचंय, म्हणून असे पुष्कळ पेशंट घेताय, आणि कुणाच्या वाट्याला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. मी नाही म्हटलं तर तुमचे मोठे सर नेहमीसारखं थांबतील, आणि नाही म्हटलं म्हणून कुणी रागावणार नाही. झालं ना पाठ?

पाठ झालं, पण पटत नव्हतं. खरं सांगू, तुम्ही म्हणालात ना, ‘काकू, कुठलं चांगलं ते आम्हालाही अजून माहीत नाही’ — तेव्हा मला रागच आला तुमचा. म्हटलं, हृदय थांबवून परत चालू करतात ही माणसं आणि गळ्याच्या भोकाचं ह्यांना माहीत नाही? आमचा दीर, साईनाथ, तो तर म्हणालाच, दादाला काय उंदीर समजलेत का. तुम्ही ऐकलंत ते, मला कळलं. तसा वाईट नाही हो तो. डोंबिवलीहून रोज स्कूटरवर येतो, वाटेत माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकतो, आणि तिथला सगळा राग इथे आणून ओततो — आधी वॉचमनवर, मग माझ्यावर, आज तुम्ही सापडलात. पण नंतर मी विचार केला. खाली चहाच्या टपरीवर जावं तर जो तो सांगतो — कुणी म्हणतं भोक पाडलं की माणूस संपला, कुणी म्हणतं माझा मेव्हणा तर आठवड्यात वरणभात खात होता. सगळ्यांना सगळं माहीत. माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात. मग राग गेला माझा. गेला म्हणजे — बसला जरा.

आवाजाचंच आहे हो सगळं. तुमच्या कागदावर ह्यांचं नाव नुसतं महेंद्र चिंदरकर, वय अमुक, वजन अमुक. पण दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुठल्याही मैदानावर जाऊन विचारा, टेनिस क्रिकेटची मॅच असली की माईकवर कोण? चिंदरकर. आठवडाभर रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचं आणि शनिवार-रविवार भर उन्हात मांडवाखाली बसून कॉमेंट्री. रडणारं पोर गप्प होईल असा आवाज. लोक मॅच बघायला येतात की ह्यांना ऐकायला असं म्हणायचे. आणि घरीही तेच — मी भाकरी थापतेय तर मागून सुरू, ‘आणि शीलाताई क्रीझवर आल्यात, तवा तापलाय, वातावरण तापलंय’. एकदा पाहुण्यांसमोर माझ्या हातून कपबशी निसटली, तर हे सोफ्यावरून, ‘सोडलाय, अगदी हातातला झेल सोडलाय’. सगळे हसले. मीही हसले. मग मला सांगा, त्या गळ्याला भोक? तुम्ही म्हणता गळ्यात नळी असेपर्यंत आवाज निघत नाही, पुढे ती काढली की भोक भरतं आणि आवाज सहसा येतो. सहसा. तो शब्द मी तेव्हाच धरून ठेवला. नाही, तुमचं बरोबर आहे, नक्की येतो म्हणाला असतात तर ते खोटं झालं असतं.

मोठ्या सरांनी भोकाचा विषय कालच काढला होता, म्हणून तर सासूबाईंनी कौल लावला. तुम्ही नागपूरच्या, तुमच्याकडे असतं की नाही ठाऊक नाही. आमच्याकडे कोकणात गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या नाहीतर पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो — असं असं आहे महाराजा, हे करायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. मग बसून राहायचं. जी पाकळी आधी पडेल तो देवाचा कौल. लग्न, जमीन, मुंबईला जायचं की नाही, सगळं विचारतात. हसू नका हं — नाही, हसला नाहीत, मला वाटलं. तर गावाला जायला आता वेळ कुठे? सासूबाईंचं वय झालेलं, डोळ्यांनी धड दिसत नाही, पण लेक मशीनवर पडलेला, त्या काय स्वस्थ बसणार? काल त्यांनी घरातच, हॉलमधल्या देव्हाऱ्यात देवीला तगरीच्या पाकळ्या लावल्या. आत्ताच भोक पाडायचं तर उजवी, थांबायचं तर डावी. मी म्हटलं, आई, घरच्या देवाला असा कौल लावत नाहीत, गुरव लागतो. तर म्हणाल्या, ‘गप रव गो, देव खंयचोय असो, आवशीचा आयकता.’ म्हणजे देव कुठलाही असो, आईचं ऐकतोच. आणि बसल्या पाटावर. साईनाथ बाजूला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे तसेच. थोड्या वेळाने पडली. ‘खंयची पडली गो, माका सांग,’ म्हणून मलाच विचारलं.

उजवी पडली होती. सांगितलं मी तसं. पण पंखा चालू होता ना, डॉक्टर. डोक्यावर पंखा पाचवर. मे महिना, डोंबिवलीची गर्मी, सासूबाईंना घाम सोसत नाही, कुणाच्या लक्षातच नाही बंद करायचं. मी तिथेच म्हटलं, हा देवीचा कौल नाही, हा पंख्याचा कौल आहे. झालं. साईनाथ उसळला — देव पंख्याला घाबरतो का वहिनी, म्हणे. सासूबाई रडायला लागल्या. परत लावा म्हणावं तर तेही चालत नाही, एकदा दिल्यावर त्याच गोष्टीला पुन्हा कौल लावला की देवाचा अपमान. रात्री कुणी नीट जेवलं नाही. आणि आज सकाळी तुम्ही आलात, म्हणता कॉम्प्युटर ठरवेल. म्हणजे पुन्हा तेच विचारायचं, दुसऱ्या दाराला जाऊन. साईनाथ म्हणतो, सही करू नकोस, मोठ्या सरांना सांग आत्ताच भोक पाडा, देवीने सांगितलंय. माझी लेक दर्शना म्हणते, आई, तुला वाटेल ते कर, मी तुझ्या बाजूने. तुला वाटेल ते. हे वाक्य इतकं ऐकलंय मी ह्या आठवड्यात. माझ्यावर किती माया सगळ्यांची, बघा.

मला काय वाटतं म्हणून विचारताय? थांबावं. मला थांबावंसं वाटतं. आवाजासाठी, सांगितलं ना. आणि — तसे शांत झोपलेत ते. सिस्टर म्हणाल्या, झोपेचं औषध असलं तरी कानावर काही जात असेल, बोलत जा त्यांच्याशी. पहिल्या दिवशी मला सुचेचना. ह्यांच्याशी मी काय बोलणार? बोलायचे ते हे, मी हूं करायची. मी काही सांगायला लागले की हात वर — थांब जरा, हे ऐक आधी. मग माझं राहूनच जायचं. तर पहिल्या दिवशी मी नुसती भाजी काय केली ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हर्षितच्या लग्नाचं. आणि मग, कशी काय, पण सुरूच झाले. माझ्या बाबांच्या आजारपणात हे मॅच सोडून आले नव्हते ते सांगितलं. मला शिवणाच्या क्लासला जायचं होतं ते सांगितलं. दर्शनाच्या वेळी मला किती भीती वाटली होती ते. भांडून नाही हो — नुसतं सांगितलं. हात धरून. आणि ते ऐकत होते, मध्ये एकदाही थांबवलं नाही. बाहेर आले तेव्हा किती हलकं वाटत होतं. काल तर भेटायची वेळ कधी होते म्हणून मी घड्याळाकडे बघत बसले होते — लग्न ठरल्यावर बघायची तशी. एकदा मनात आलंसुद्धा, जागे झाले की पुन्हा सुरू करतील. असंच अजून थोडे दिवस —

ते लिहू नका हं कुठे. तुमच्या कागदात नको.

...

नाही, नाही रडत. एसीने डोळ्यांना होतं इथे. तुम्ही काय बघताय ते कळलं मला. मीही आत्ताच ऐकलं स्वतःचं. डावी पडली असती, तर मी पंख्याचं नाव काढलं असतं का, सांगा बरं? पंखा तेवढाच जोरात असता आणि मी गपचूप हात धुवून सासूबाईंना म्हटलं असतं, आई, देवीने ऐकलं. आणि आता तुम्हाला नाही म्हणायचं म्हणजे काय — मोठे सर थांबणार, आणि हे झोपून राहणार, आणि मी रोज जाऊन बोलणार. सगळं माझ्याच मनासारखं. त्यांना काय बरं ते ह्यात कुठे आलं? म्हणून गुरव लागतो हो. ज्याचं काम अडलंय त्याने स्वतः कौल लावायचा नसतो, गुरव तिसरा माणूस, आत पडलेला त्याचा ना लेक ना नवरा. आईंना सांगायला गेले मी, आणि माझं मला कळलं नाही.

तुमचा तो कॉम्प्युटर — त्याला कोण आत झोपलंय, बाहेर कोण बसलंय, काही ठाऊक नाही ना? आणि तुम्ही स्वतः त्याला सांगू शकत नाही, ह्या बाईला हे द्या म्हणून? — नाही म्हणताय. आणि दोन्हीकडे काळजी सारखीच घेणार, मोठे सरच बघणार. — हो म्हणताय. मग द्या ते पेन. साईनाथचं मी बघते. त्याला सांगेन, तू रागाव, पण माजिवड्याला रागाव. इथे ना? खाली नातं — पत्नी. साक्षीदार लागतो म्हणालात, त्या सिस्टरना बोलवा, घरचं कुणी नको.

कधीही नाव काढून घेता येतं — माहीत आहे, सकाळीही सांगितलंत. तुम्हाला सांगावं लागत असेल, पण आता परत नका सांगू. परत घेता येतं म्हटलं की मी दिवसभर तेच घोळत बसेन.

काय निघालं ते फोनवर नको. येऊन सांगा, मी इथेच आहे. आणि भेटायला सोडतात ना आता पाचला, तेव्हा दर्शना आलेली असेल, निळी ओढणी आहे तिची, तिला पाठवा आत. हो, एकालाच सोडतात. तिलाच. मी आज जात नाही.

काही झालं नाही मला. जा तुम्ही, पेशंट असतील तुमचे.