दोन ओळींचं काम

...आणि वर मलाच विचारतात, "पण कॉम्प्युटर बंद पडलाच कसा?" अहो, पडेल नाहीतर काय! त्याच्या पोटात जागा नको का? तुम्हाला सांगतो, मी एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. म्हणजे नाव आहे मला, आईवडिलांनी चांगलं हौसेनं ठेवलंय, पण लॅबमध्ये मी फक्त "अहो, कॉम्प्युटरवाले!" तर तिथं मागच्या खोलीत, गळक्या एसीखाली, बादलीच्या शेजारी आमचा मुख्य कॉम्प्युटर बसतो, सर्व्हर म्हणतात त्याला, आणि त्याला एक खोड आहे... दिसेल ते लिहून ठेवायचं. कोण आलं, कुठलं मशीन चालू झालं, कुठलं रुसलं, सगळं! या लिहिण्याला म्हणतात लॉग. आता लिहावं माणसानं, नाही कोण म्हणतंय, पण हा लिहितो कसा, तर एखादी आत्या लग्नाहून आली की सांगत बसते ना, तसा. काही म्हणजे काही गाळत नाही.

त्यात काउंटरवर दोन प्रिंटर, नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारे. एक चालतो, दुसऱ्यातला कागद कधीचाच संपलाय. मी म्हटलं, "ताई, त्यात कागद घाला हो." तर काउंटरवरच्या ताई म्हणतात, "एक चालतोय ना? मग त्याच्या मागं कशाला लागता?" बरं, मीच घातला! तर दुपारी ताईंनी तो काढून पहिल्यात घातला, कारण पहिल्यातला संपला! आणि हा रिकामा प्रिंटर गप्प बसतो का? छे! दर सेकंदाला सर्व्हरच्या कानाशी, 'कागद संपला', 'कागद संपला', 'कागद संपला'... आणि आमचा सर्व्हर ते इमानेइतबारे लिहून घेतोय! भरली डिस्क. थांबले रिपोर्ट, थांबली लेबलं, आणि लेबलाशिवाय कुणाचं रक्त घेता येत नाही. बाहेर बाकांवर ही गर्दी, सगळे उपाशीपोटी, बाह्या वर करून बसलेले. एक आजोबा तर माझ्यावरच उखडले, "अहो, जेवणाआधीचं रक्त घ्याल तेव्हा मी जेवणार, जेवेन तेव्हा जेवणानंतरचं देणार, तुमचा कॉम्प्युटर मला आज जेवू देणार आहे की नाही?"

बरं, यावर उपाय काय? सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की बाबा रे, लॉगनं एवढीच जागा खायची, त्याहून जास्त नाही. आणि दुसरी ओळ, की पंधरा दिवसांपेक्षा जुनं झालं की आपोआप उडवून टाक. झालं! काम किती? दोन ओळींचं!

आणि हे मला व्हायला हवं होतं हो, अगदी जिवाच्या आकांतानं हवं होतं, कारण माझी रजा! वर्षभर आमचं ठरतंय, मेव्हणीकडे जायचं, तळ्याकाठी घर आहे तिचं, चार दिवस नुसतं पडून राहायचं. आणि दर वेळी बॅग भरली की लॅबचा फोन, "कॉम्प्युटरवाले, बंद पडला!" मी बॅग ठेवून पळतो, पंपानं विहीर उपसावी तसा लॉग उपसून दुसऱ्या डिस्कवर टाकून येतो, तोवर गाडी गेलेली. शेवटी बायको म्हणाली, आणि शांतपणे म्हणाली बरं का, म्हणूनच मी घाबरलो, "अहो, या वेळी फोन आला ना, तर मी एकटी जाईन. परत कधी येणार ते तुमच्या सर्व्हरला विचारा. तो लिहून ठेवतो म्हणे सगळं."

गेलो डॉक्टरसाहेबांकडे. लॅब त्यांची. म्हटलं, "सर, जुना लॉग उडवायची परवानगी द्या."

"उडवायचा? म्हणजे... कायमचा?"

"हो सर."

"आणि लागला तर?"

"सर, मागच्या महिन्यात कागद संपला होता, हे कुणाला कशाला लागेल?"

"नाही, पण लागलं तर?" आता हा माणूस असा, की केबिनमध्ये तीन मोडकी मायक्रोस्कोप आहेत आणि पेशंटच्या खुर्चीवर चौथं! त्यांच्यापुढं मी काय डोकं आपटणार? त्यांनी बोलावलं क्वालिटीवाल्या बाईंना. या बाई लॅबचे नियम बघतात, माणसांचं हजेरी-रजेचंही त्याच बघतात. बाई म्हणाल्या, "नोंद उडवता येणार नाही." मी म्हटलं, "बाई, पेशंटचे रिपोर्ट वेगळे, ते जपलेत, त्यांना मी बोटसुद्धा लावत नाही. ही नुसती प्रिंटरची रड आहे." "असेल. पण नोंद ती नोंद." काम किती? दोन ओळींचं! आणि त्यावर मीटिंग, मग मीटिंगची मीटिंग, एकदा तर सर आलेच नाहीत म्हणून पुढच्या मीटिंगची तारीख ठरवायला मीटिंग...

शेवटी बाईंनाच पाझर फुटला. म्हणाल्या, "ठीक आहे, उडवा. पण काय उडवलं त्याची नोंद ठेवा."

"म्हणजे किती उडवलं तो आकडा?"

"आकडा काय करायचाय? काय उडवलं ते. ओळन् ओळ. उद्या तपासणी आली आणि विचारलं, काय उडवलंत, तर दाखवायला नको?"

"अहो बाई, मग उडवलं काय?"

पण तोवर सर खूश! टेबलावर थाप मारली, "वा! हे उत्तम! उडवलंही आणि राहिलंही!" आणि बाई म्हणाल्या, "या नव्या नोंदीला मात्र हात लावायचा नाही. कायम ठेवायची."

मी हात जोडले. केलं तसं. मनात म्हटलं, चार दिवस तर निघतील, आल्यावर बघू. पण झालं काय ठाऊक आहे? एक ओळ उडवली की ती बाईंच्या नव्या नोंदीत उतरायची, आणि वर सर्व्हर आपल्या मनानं लिहायचा, 'एक ओळ उतरवली'! म्हणजे मी एक काढतोय आणि हा दोन घालतोय! बॅगा दारात, गाडी खाली उभी, बायकोचा एक पाय चपलेत... आणि वाजला फोन. तिनं माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. मग तिनं दुसरा पाय चपलेत घातला. गेली हो! खरंच गेली. मागून मी जिन्यात एवढासा होऊन उभा.

लॅबमध्ये पोचतो तर उपाशी लोकांनी सरांच्या केबिनला घेराव घातलेला. आणि आत, मोडक्या मायक्रोस्कोपांच्या मधून सर ओरडतायत, "उडवा! अहो, उडवा सगळं! त्या बाईंची नोंद पण उडवा!" मी बसलो. काम किती? दोन ओळींचं! दोन मिनिटांत सर्व्हर चालू, मशीन चालू, रक्त चालू. त्या दिवसापासून डिस्क भरली म्हणून एक फोन नाही. तुम्हाला सांगतो, ऊर असा भरून आला होता माझा! आता जायचं, बायकोची समजूत काढायची, तळ्याकाठी तिच्या शेजारी बसायचं.

ताठ मानेनं गेलो बाईंकडे. म्हटलं, "बाई, आता माझी रजा द्या."

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "कुठली रजा? परवा वर्ष संपलं ना. वर्षात न घेतलेली रजा जाते."

"जाते म्हणजे?"

"आपोआप उडते. सोयच आहे तशी."

"आपोआप? सही नको? मीटिंग नको? आणि... आणि बाई, मला लागली तर?"

"अहो, नियम आहे."

मी खाली बसलो. म्हटलं, "बरं, काय उडवलं त्याची नोंद तरी आहे का कुठं? बायकोला दाखवायला."

तर बाई म्हणाल्या, "छे हो! उगाच जागा कशाला अडवायची?"