सुप्याच्या डोहातील मासेमोजणी व झिलू वेळीप याचा मृत्यू

नाव: कु. विमल रामचंद्र हळदणकर, वय २४, काम मत्स्यगणना पथकात नोंदी व रेखाटन, राहणार बेळगाव, हल्ली मुक्काम सुपे. तारीख ९ फेब्रुवारी १९२९.

चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या पथकाने काळी नदीच्या मुखाजवळील खडकांत माशांच्या जाती मोजल्या. तुलनेसाठी तेच काम सुप्याच्या खडकाळ डोहात चार दिवस चालू होते. प्रमुख बाबुराव साहेब. बुडी मारून बांबूचे सापळे ठेवणे-काढणे झिलू वेळीप करी. त्याचा भाऊ परशू होडी वल्हवी.

झिलू मला म्हणे, "बाई, समद्या माशांची नावं लिवता, माझं बी लिवा. मी बी पाण्यातलाच."

सापळ्यांत अकरा जाती मिळाल्या. साहेब म्हणाले, "अशाने महिना जाईल." काल त्यांनी पाण्यात बार करून मासे एकदम वर आणण्यासाठी सुरुंगाची कांडी आणली.

सापळ्याच्या दोरीला वर भोपळा तरंगतो. दोरी पायांत येऊ नये म्हणून बुडी मारण्यापूर्वी झिलू भोपळा सोडून खडकावर ठेवी. भोपळा खडकावर, म्हणजे माणूस खाली, हे मला नंतर कळले. पहिल्या दिवशी मी भोपळा आणि काढलेला सापळा शेजारी पाहिले व वहीत लिहिले, "भोपळा खडकावर, पाणी रिकामे." झिलूला विचारले नाही.

काल सकाळी साडेनऊला साहेबांनी विचारले, "पाण्यात कोणी आहे?" भोपळा खडकावर होता. मी "कोणी नाही" म्हटले. साहेबांनी माझ्या सांगण्यावरून कांडी पेटवून टाकली. पलीकडच्या काठावरून परशू ओरडला, "झिलू खाली हाय." लगेच बार झाला.

परशू होडी घेऊन आला. झिलू वर आला तेव्हा त्याच्या कानांतून व नाकातून रक्त येत होते. श्वास नव्हता. साहेब म्हणाले, "आधी मासे टिपा, वाहून जातील."

परशूने वल्हे उचलले ते या वाक्यानंतर, त्यापूर्वी नाही. पहिला फटका साहेबांच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने जबडा मोडला. तिसरा मी मध्ये गेल्याने माझ्या डाव्या मनगटावर बसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परशूने आधीच ठरवून मारले, असे साहेबांचे म्हणणे असल्याचे मला येथे कळले. तसे मी पाहिलेले नाही.

वर आलेल्या माशांची यादी केलेली नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात साहेबांनी कांडी "चुकून" टाकली, असे होते. तो शब्द माझा नाही. तो खोडून तेथे "माझ्या सांगण्यावरून" असे घालून घेतले. आता जबाब बरोबर आहे.