सुकाणू शेठच्या हातात, नाव माझं

माझा जन्म खाडीकाठच्या नाटे गावचा. बाप शिडाच्या होडीवर तांडेल, आजाही तांडेल, म्हणजे बोट कुठं न्यायची नि कधी फिरवायची हे ज्याच्या तोंडून ठरतं तो. मलाही लोक गणू तांडेल म्हणतात, अजून म्हणतात, सवय आहे. पुढं शिडं गेली, इंजिनं आली, बोटी शेठ लोकांच्या झाल्या, नि आम्ही आमच्याच खाडीत पगारी तांडेल झालो. बंदरावरच्या साहेबानं माझ्या नावाचा तांडेलकीचा दाखला दिला, तो बायकोनं देवाच्या फोटोमागं ठेवला. मी चौथी शिकलेला, वाचता आला असता. वाचला नाय.

मुंबईत गिरण्यांचा संप लांबला त्या वर्षी माझी बहीण यमुना नि तिचा नवरा वसंता गावाला आले. वसंता गिरणीतला माणूस, गुडघाभर पाण्याला घाबरायचा, पण घरी बसून कंटाळला, बोलला, दादा, मला बोटीवर घ्या. यमुना बोलली, तू आहेस म्हणून पाठवते हो. लिहून घेताय ना, हे तेवढं नीट लिहा तुम्ही.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं रीत आहे. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की हंगामाची पहिली फेरी, नि त्या फेरीला खाडीच्या तोंडापर्यंत सुकाणू मालकानं धरायचं, तांडेलानं मागं उभं राहायचं. मान असतो तो. बापाच्या वेळी मालक दर्यावरचाच असायचा, त्यामुळं काय बिघडत नव्हतं. आमचा बापूशेठ राजापुरातला कापडवाला. नवा सदरा घालून सुकाणूवर उभा राहिला नि मला बोलला, गणू, आज तू पाहुणा, विडी ओढ. सगळे हसले, वसंताही हसला. खाडीच्या तोंडाशी डाव्या अंगाला खडप आहे, म्हणजे खडक, भरतीला पाण्याखाली जातं. मी बोललो, शेठ, उजवीकडं घ्या. तो बोलला, कळतंय मला. मी परत बोललो. तिसऱ्यांदा बोललो नाय, हात तर घातलाच नाय, मालकाच्या हातातून सुकाणू ओढायचं, तेही पुनवेला, सगळा गाव काठावर बघत असताना, कसं ओढणार. बोट आपटली नि उलटली. बाकीचे पोहून आले. वसंता दुसऱ्या दिवशी मिळाला.

खटला माझ्यावर झाला, पण खोटं कुणीच बोललं नाय बघा. शेठ कोर्टात बोलला, सुकाणू माझ्या हातात होतं, पण मी तांडेल नाय, तांडेल हा. वकिलानं मला विचारलं, बोटीवर तांडेल कोण. मी, बोललो, ताठ मानेनं बोललो. मग माझाच दाखला वाचून दाखवला. सुकाणूवर कोणीही असो, बोट नि माणसं तांडेलाच्या हवाली. न्यायाधीश बोलले, मालकाला नाही म्हणायचा अधिकार तुला होता, तू वापरला नाहीस. असा अधिकार मला होता हे मला तिथं कळलं, पिंजऱ्यात उभं राहून. शेठ साक्ष देऊन बाकावर जाऊन बसला.

सहा महिने आत काढले. दाखला गेला. सुटलो तो थेट यमुनेच्या दारात. ती बोलली, दादा, तू मागंच उभा होतास ना. हो बोललो. तिनं पाणी दिलं. मासे विकायला जाताना ती अजून माझ्या अंगणात टोपली टेकते.

आता मी जाळी शिवतो. यंदा पुनवेच्या आधी शेठचा नवा तांडेल आला, बोलला, गणूदादा, शेठ सुकाणू मागतो, काय करू. मी बोललो, नाय म्हण, तुला अधिकार आहे, छापलेला आहे. तो बोलला, नि दुसऱ्या दिवशी बोट कोण देईल, तो कागद?

त्यानं सुकाणू दिलं. मी काठावर होतो, यमुनाही होती. बोट खडपाजवळ गेली तशी मी तोंडातल्या तोंडात बोलत होतो, उजवीकडं घ्या, उजवीकडं घ्या. यमुनेनं ऐकलं. बोट नीट गेली पलीकडं. दर्या सांभाळो त्या पोराला.